ते तीन आठवडे कुठल्या खात्यात?

प्रश्न : मी मशीन लर्निंगमध्ये पीएचडी करते आहे, पाचवं वर्ष सुरू आहे. माझा मुख्य पेपर तीन मोठ्या कॉन्फरन्समधून परत आला. शेवटच्या वेळी एका रिव्ह्यूअरने भरभरून कौतुक केलं आणि दुसऱ्याने ‘नावीन्य नाही’ एवढ्या दोन शब्दांत निकाल लावला. चौथ्यांदा पाठवायच्या तयारीत होते, तेवढ्यात एका मोठ्या कंपनीच्या गटाने जवळपास तीच कल्पना कित्येक पट मोठ्या मॉडेलवर करून आर्काइव्हवर (पेपर तपासणीआधीच सगळ्यांसाठी ठेवायच्या संकेतस्थळावर) टाकली. आमच्या लॅबमध्ये अकरा जणांत चार जीपीयू (मॉडेल ट्रेन करायला लागणारी कार्डं) आहेत. मध्ये माझे तीन आठवडे वाया गेले : आम्ही सगळे वापरतो त्या डेटासेटच्या टेस्ट सेटमधली, म्हणजे मॉडेलची परीक्षा ज्यावर होते त्यातली, बरीच चित्रं ते ज्यावर शिकतं त्या ट्रेनिंग सेटमध्येही जवळजवळ जशीच्या तशी आहेत असं दिसलं, ती शोधत बसले. ती काढली की आमच्याच लॅबच्या दोन जुन्या पेपरांचे आकडे खाली येतात. गाइड म्हणाले, यात पेपर नाही, मूळ कामाकडे वळ. आता एका कंपनीतून रिसर्च इंजिनिअरची नोकरी चालून आली आहे. सहा आठवड्यांत कळवायचं आहे. नवरा म्हणतो, घे. गाइड म्हणतात, आता सोडलंस तर संशोधन कायमचं सुटलं. रात्री दोन वाजता उठून आर्काइव्ह पाहते, आणखी कुणी काही टाकलंय का. मी संशोधक व्हायच्या लायकीची नव्हतेच का?

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. मूळ पत्र बरंच लांब होतं, वरच्या सारांशात त्यातलं पुष्कळ गळलं आहे. म्हणून आधी त्यातल्या एका परिच्छेदाबद्दल बोलते.

परत आलेल्या पेपरबद्दल, त्या कंपनीच्या गटाबद्दल तुम्ही लिहिता तेव्हा वाक्यं आखूड होत जातात आणि ‘असो’वर संपतात. मग ती जुळी चित्रं येतात. आधी तुम्ही फाइलींचे हॅश (फाइलीवरून निघणारे छोटे ठसे) ताडून पाहिलेत, पण जरा कापलेलं किंवा किंचित उजळ केलेलं चित्र त्यातून निसटत होतं. मग एका ट्रेन झालेल्या मॉडेलमधून प्रत्येक चित्राचं एम्बेडिंग (आकड्यांतलं रूप) काढून त्याचे सर्वांत जवळचे शेजारी शोधलेत. तेव्हा लक्षात आलं की जवळचा शेजारी म्हणजे जुळाच असतो असं नाही, एकाच जातीची दोन वेगळी कुत्रीही शेजारी येतात. म्हणून बाराशे जोड्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यात. आणि आपली नजर दिवसागणिक बदलते का, हे कळावं म्हणून त्यातल्या शंभर जोड्या आठवड्याने पुन्हा तपासल्यात. हे सगळं तुम्ही मला कुणी न विचारता सांगितलंत. त्या अख्ख्या परिच्छेदात एकही ‘असो’ नाही.

त्या शंभर जोड्या पुन्हा तपासाव्यात असं जिला आपणहून वाटतं, तिच्या लायकीबद्दल मला शंका येत नाही. मला वेगळाच प्रश्न पडतो. ते तीन आठवडे तुम्ही ‘वाया गेले’ या खात्यात का टाकलेत?

गाइडांच्या बोलण्यामुळे, हे उघड आहे. पण ते या बाबतीत चुकले आहेत असं मला स्पष्ट वाटतं. २०१९ मध्ये ब्योर्न बार्त्स आणि योआखिम डेन्झलर या दोघांनी सायफार-१० आणि सायफार-१०० या छोट्या चित्रांच्या डेटासेटांवर नेमकं हेच केलं. शिकायला घेणाऱ्यापासून मुरलेल्या संशोधकापर्यंत सगळ्यांच्या हाताखालून गेलेले हे डेटासेट. त्यांना आढळलं की सायफार-१० च्या टेस्ट सेटमधल्या ३.३ टक्के आणि सायफार-१०० मधल्या १० टक्के चित्रांची जुळी ट्रेनिंग सेटमध्ये होती. त्यांनी ती बदलून नवा टेस्ट सेट सगळ्यांसाठी खुला केला. दहा वर्षं हजारो लोक ज्या मोजपट्टीने मोजत होते, ती दोघांनी बसून तपासली. याला संशोधन म्हणायचं नाही, तर मग कशाला म्हणायचं?

आता तुमच्या पत्रातल्या गृहीतकांकडे येते. ती तुम्ही शब्दांत मांडलेली नाहीत, पण पत्र त्यांच्यावरच उभं आहे.

पहिलं म्हणजे, तीन नकार हा तुमच्याबद्दलचा निकाल आहे हे. न्यूरिप्स या मशीन लर्निंगच्या मोठ्या परिषदेच्या आयोजकांनी २०१४ मध्ये एक प्रयोग केला होता. आलेल्या पेपरांपैकी १६६ पेपर त्यांनी दोन वेगवेगळ्या समित्यांकडे दिले, दोघींनी स्वतंत्र निर्णय घ्यायचा. ४३ पेपरांवर दोन्ही समित्यांचे निर्णय उलटे आले. हे ऐकायला फार वाटत नाही, पण बहुतेक पेपर नाकारलेच जातात हे लक्षात घेऊन पाहा : एका समितीने स्वीकारलेल्या पेपरांपैकी निम्म्याहून अधिक पेपर दुसरीने नाकारले होते. २०२१ मध्ये हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर पुन्हा झाला आणि चित्र जवळपास तेच निघालं. २०१४ मध्ये त्या परिषदेकडे १,६७८ पेपर आले होते, २०२४ मध्ये १५,६७१. इतके पेपर वाचायला माणसं कुठून येतात? तुमच्यासारखीच पीएचडी करणारी, स्वतःच्या डेडलाइनखाली दबलेली माणसं ते वाचतात.

मी स्वतः बरीच वर्षं रिव्ह्यूचं काम केलं आहे. एका वर्षी माझ्याकडे सहा पेपर होते. चार नीट वाचले, शेवटचे दोन मुदतीच्या आदल्या रात्री. त्यातल्या एकाची मांडणी विस्कळीत होती आणि मी थकलेली होते. मी त्याला नकार दिला. काही महिन्यांनी तोच पेपर दुसरीकडे छापलेला पाहिला, शांतपणे वाचला, आणि तो चांगला होता. लिहिणारा त्या वेळी कुठल्या वर्षाला होता, तो नकार त्याने कसा घेतला, मला माहीत नाही. अजून आठवण आली की टोचते.

इथे लोक तुम्हाला वर्ड-टू-व्हेकची, म्हणजे शब्द आकड्यांत मांडणाऱ्या पद्धतीची, गोष्ट सांगतील. टोमास मिकोलोव्ह आणि सहकाऱ्यांचा पहिला पेपर २०१३ मध्ये आयसीएलआर या आणखी एका परिषदेच्या मुख्य भागात घेतला गेला नाही, आणि त्याच कामाच्या पुढच्या पेपरला न्यूरिप्समध्ये २०२३ साली काळाच्या कसोटीवर उतरल्याबद्दलचा पुरस्कार मिळाला. गोष्ट खरी आहे. पण तिच्यावर फार विसंबू नका. नाकारलेले आणि पुढे नाकारलेलेच राहिलेले असंख्य पेपर आहेत, त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही. नकारावरून तुमची लायकी ठरत नाही, तशी तुमची थोरवीही सिद्ध होत नाही. त्यापेक्षा हे करा : तिन्ही वेळचे सगळे रिव्ह्यू एका कागदावर उतरवा आणि एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन किंवा अधिक रिव्ह्यूअरांनी वेगळ्या शब्दांत काढलेली एकच तक्रार शोधा. ती खरी असण्याची शक्यता बरीच. तुम्ही पाठवलेल्या रिव्ह्यूंत मला अशी एक दिसली. ‘बेसलाइन (तुलनेसाठी घेतलेली पद्धत) नीट ट्यून केलेली नाही’ असं तुम्हाला चार जणांनी सुचवलं आहे, दोघांनी अगदी सौम्यपणे. ते मनावर घ्या. ‘नावीन्य नाही’ हे मात्र बाजूला ठेवा. एका मोठ्या गटाला त्याच कल्पनेवर एवढी यंत्रं आणि माणसं लावावीशी वाटली, म्हणजे प्रश्न बरा होता एवढं तरी ठरलं.

दुसरं गृहीतक जीपीयूंचं. चार जीपीयूंवर आता काही होऊ शकत नाही, जे करण्यासारखं आहे ते मोठ्या कंपन्या करून टाकतील. यावर उत्तर म्हणून २०१२ च्या अॅलेक्सनेट या चित्रं ओळखणाऱ्या मॉडेलची आठवण काढायची रीत आहे : प्रत्येकी ३ जीबी मेमरीची दोन गेमिंग कार्डं, पाच-सहा दिवसांचं ट्रेनिंग, आणि क्षेत्राची दिशा बदलली. मी ते उदाहरण देणार नाही. तेव्हा दोन कार्डं म्हणजे आघाडीवर असणं होतं, आज चार म्हणजे नाही. मोठी भाषिक मॉडेलं मुळापासून ट्रेन करण्याच्या शर्यतीत तुमच्या लॅबला जागा नाही. हे मान्य करण्यात कमीपणा नाही, उलट मान्य केलं की श्वास मोकळा होतो.

पण ती एक शर्यत म्हणजे सगळं क्षेत्र नव्हे. अॅडम हा ऑप्टिमायझर (मॉडेल शिकताना त्यातले आकडे पायरीपायरीने सुधारणारी पद्धत) २०१४ साली आला, तुम्ही रोज वापरता. तो बहिर्वक्र (एकाच खोलगट तळाच्या, सोप्या प्रकारच्या) समस्यांवर योग्य उत्तराकडे जातोच अशी एक सिद्धताही मूळ पेपरमध्ये होती. तीनेक वर्षं सगळे तो वापरत राहिले. मग सशांक रेड्डी, सत्येन काळे आणि संजीव कुमार यांनी त्या सिद्धतेतली चूक दाखवली, आणि अॅडम चुकीच्या उत्तराकडे जातो असं एकाच चलाचं साधं उदाहरण रचून दाखवलं. २०१८ च्या आयसीएलआरमध्ये तो सर्वोत्तम पेपरांपैकी एक ठरला. त्या उदाहरणाला कागद-पेन पुरतं. किंवा बेंजामिन रेख्ट, रेबेका रोलॉफ्स, लुडविग श्मिट आणि वैशाल शंकर यांचं २०१९ चं काम घ्या. त्यांनी इमेजनेट हा चित्रांचा प्रसिद्ध डेटासेट ज्या पद्धतीने बनवला होता तीच पद्धत शक्य तितकी काटेकोर पाळून नवा टेस्ट सेट गोळा केला आणि जुनी मॉडेलं त्यावर चालवली. अचूकता ११ ते १४ टक्क्यांनी घसरली. पण मॉडेलांचा आपसातला क्रम बहुतांशी तसाच राहिला, म्हणजे लोकांनी इतकी वर्षं टेस्ट सेटच घोकला असेल ही भीती बऱ्याच अंशी खोटी ठरली. मला हे काम फार आवडतं, कारण ते आरोप करायला निघालेलं नाही, जे निघालं ते त्यांनी मांडलं.

तुमच्या कामातही हा प्रश्न अजून उघडा आहे. जुळी काढल्यावर आकडे खाली येतात असं तुम्ही लिहिलंत. पद्धतींचा क्रम बदलतो का? जी मॉडेलं पाठांतर जास्त करतात ती जास्त घसरतात का? यासाठी नवं मोठं ट्रेनिंग लागत नाही, आहे त्याच मॉडेलांचं मूल्यमापन पुन्हा करायचं आहे. चार जीपीयूंना हे झेपतं.

आणि कंपनीच्या त्या पेपरबद्दल. तो तुम्ही पोटात गोळा आलेला असताना वाचला आहे. आता एकदा हातात पेन्सिल घेऊन वाचा. मोठ्या गटांचे असे पेपर बहुधा ‘हे चालतं’ एवढं दाखवतात. का चालतं, कुठे चालत नाही, हे सोडून देतात, आणि एवढं महाग ट्रेनिंग दहा वेगवेगळ्या सीडवर (यादृच्छिक सुरुवातींवर) पुन्हा करणं त्यांनाही परवडत नाही. तुमचं मॉडेल लहान आहे म्हणूनच तुम्ही ते करू शकता. बहुतेक मोठ्या परिषदांच्या नियमांत समकालीन कामासाठी, म्हणजे जवळपास त्याच वेळी दुसऱ्यांनी केलेल्या कामासाठी, तरतूद असते, मुदत त्या त्या वर्षीच्या नियमावलीत पाहून घ्या. प्रबंधासाठी तर हा धक्का आणखी लहान आहे. परीक्षकांना तुम्ही स्वतंत्रपणे विचार केलात एवढं कळायला हवं, आणि तुमच्या कोडच्या तारखा आणि परत आलेल्या पेपरांच्या तारखाच ते सांगतात.

तिसरं गृहीतक मला सगळ्यांत जास्त सलतं : इंजिनिअर म्हणजे उतरलेला संशोधक. पत्रात तुम्ही ‘फक्त इंजिनिअर’ असं लिहिलं आहे. आजच्या भाषिक मॉडेलांच्या मुळाशी असलेल्या ट्रान्सफॉर्मर रचनेचा २०१७ चा पेपर काढा आणि पहिल्या पानाची तळटीप वाचा. आठही लेखकांचं योगदान समान, नावांचा क्रम यादृच्छिक, असं तिथे लिहिलं आहे, आणि पुढे कुणी काय केलं ते. सेल्फ-अटेन्शनची (मजकुरातला प्रत्येक शब्द इतर शब्दांकडे पाहतो ती) कल्पना कुणी मांडली हे आहे, तसंच असंख्य रूपं कुणी लिहून, ट्यून करून, तपासून पाहिली, पहिला कोडबेस कुणी सांभाळला, त्याच्या जागी नवी लायब्ररी उभारण्यात कुणाचे किती दिवस गेले, हेही आहे. किंवा २०२२ चं फ्लॅशअटेन्शन. त्यात अटेन्शनचं गणित बदललेलं नाही. जीपीयूच्या संथ आणि जलद मेमरीमधली ये-जा कमी केली आहे, एवढंच. आज लांब मजकुरावर चालणारी मॉडेलं त्यावाचून परवडणं अवघड आहे. या क्षेत्रात कल्पना आणि ती चालवून दाखवणारा हात वेगळे काढता येत नाहीत. बाराशे जोड्या शोधून काढणारा आणि तपासणारा तुमचा हात त्याच जातीचा आहे.

म्हणून ‘संशोधन की नोकरी’ असा फाटा मला दिसत नाही. मला दिसतात ते नोकरीबद्दलचे काही न विचारलेले प्रश्न. या गटाने गेल्या वर्षभरात काय छापलं? पेपर बाहेर जाण्याआधी परवानगी किती दिवसांत मिळते, आणि नाही मिळाली असं किती वेळा झालं? मोठ्या कंपन्या पूर्वीपेक्षा हात राखून छापतात. २०२३ च्या जीपीटी-४ च्या अहवालात मॉडेलचा आकार, रचना, डेटा यांचे तपशील दिलेले नव्हते. काय शोधायचं हे कोण ठरवतं? तुमच्या टीममध्ये मूल्यमापनाचं, डेटा तपासण्याचं काम आहे का, आणि ते करणाऱ्याला बढती मिळते का? हा शेवटचा प्रश्न मॅनेजरला विचारू नका, तिथून नुकत्याच बाहेर पडलेल्या कुणाला तरी गाठून विचारा. मॅनेजर काय व्हावं असं वाटतं ते सांगेल, बाहेर पडलेला माणूस काय होतं ते सांगेल.

पैशाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, तीही लाजत. पाच वर्षं विद्यावेतनावर घर चाललं आहे, त्यात नवऱ्याचाही वाटा आहे. पगार हवासा वाटणं हे चांगलं, पुरेसं कारण आहे.

गाइडांच्या ‘कायमचं सुटलं’ या वाक्यात थोडं तथ्य आहे, तेही सांगते. पदवीशिवाय प्राध्यापकाच्या जागा जवळपास बंद होतात आणि काही कंपन्यांतल्या संशोधकाच्या जागाही. मला तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं असं विचाराल, तर याच आठवड्यात कंपनीला लिहून सहा ते नऊ महिने उशिरा रुजू होता येईल का हे विचारलं असतं. पीएचडीच्या शेवटी असलेल्यांकडून असा प्रश्न त्यांना नवा नाही. होकार आला तर तीन प्रकरणांचा प्रबंध : तुमची पद्धत, छोट्या मॉडेलांवर तिचा कसून अभ्यास, आणि डेटासेटची तपासणी. तुमच्या विद्यापीठाचे नियम स्वतः वाचा. पदवीला काय लागतं आणि लॅबमध्ये काय लागतं असं सगळे समजतात, यात बऱ्याचदा अंतर असतं. छापलेले किती पेपर हवेत ही अट कित्येकदा नियमांत नसतेच, ती फक्त लॅबची सवय असते. कंपनीने नकार दिला आणि वरच्या प्रश्नांची उत्तरं बरी आली, तर नोकरी घ्या. मात्र पीएचडीतून नाव काढून घेऊ नका, अधिकृत दीर्घ रजा मागा. उत्तरं बरी आली नाहीत तर ही नोकरी सोडून द्या, दुसरी येईल. बाराशे जोड्यांचा तो परिच्छेद मुलाखतीत जसाच्या तसा सांगा.

राहिले ते जुने दोन पेपर. हे प्रकरण मिटलं असं गाइडांना वाटत असेल, पण मिटलेलं नाही. लॅबला माहीत असलेली चूक छापील आकड्यांत तशीच ठेवणं बरोबर नाही, आणि तुम्ही ते मनात वागवता आहात, तुमची झोप उडण्यात त्याचाही भाग आहे असं मला वाटतं. सरांना आरोपाच्या सुरात भेटू नका. एका पानावर तक्ता न्या : जुना आकडा, जुळी काढल्यानंतरचा आकडा, किती जोड्या, कशा शोधल्या. आणि सांगा की आर्काइव्हवर दोन्ही पेपरांची सुधारित आवृत्ती एका टिपेसह टाकायचा मसुदा तुम्हीच लिहून आणला आहे. दोष डेटासेटचा आहे, तेव्हा कुणाला हे माहीतच नव्हतं, हे त्या टिपेत स्पष्ट येऊ द्या. बहुतेक माणसं तयार मसुद्याला नाही म्हणत नाहीत. ते तरी ऐकेनात, तर प्रबंध समितीतल्या ज्या व्यक्तीवर तुमचा विश्वास आहे तिच्याशी बोला.

रात्रीचं आर्काइव्ह बंद करायला हवं. इच्छाशक्तीवर सोडू नका. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि नवे पेपर पाहायला आठवड्यातली एक वेळ ठरवा, दिवसाउजेडी, शक्यतो लॅबमधल्या कुणाबरोबर बसून. रात्री दोनला दिसलेल्या पेपरबद्दल रात्री दोनला करण्यासारखं काहीही नसतं. झोपेचा हा त्रास दोन-तीन आठवड्यांहून जास्त चालला असेल, आणि पत्रावरून तो चालला आहे असं दिसतं, तर डॉक्टरांना दाखवा. विद्यापीठात समुपदेशक असतील तर त्यांच्याकडेही जा. याला मी नोकरीच्या निर्णयाआधी ठेवेन. न झोपलेल्या डोक्याला सहा आठवडे सहा दिवसांसारखे भासतात.

तुमच्यासारखी आणखीही पत्रं माझ्याकडे येऊन पडली आहेत. त्यातल्या एकाने लिहिलं आहे की तो प्रत्येक प्रयोगाआधी आपला अंदाज वहीत लिहितो, आकडा किती येईल आणि का, आणि मग प्रयोग चालवतो. पेपर येवो न येवो, अंदाज वर्षागणिक नेमके होत चालले आहेत हे त्याला वहीत दिसतं. ही सवय तुम्हीही लावून घ्या. उद्या कंपनीत गेलात तर ती वही सोबत नेता येणार नाही कदाचित, पण अंदाज बांधायची नजर येईल.

आणि एक राहिलं. बाराशे जोड्या तपासल्यात, त्यातल्या खऱ्या जुळ्या किती निघाल्या, आणि त्या काढल्यावर अचूकता नेमकी किती घसरली, हे तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेलं नाही. मी शेवटच्या पानापर्यंत तो आकडा शोधत होते. तेवढा मला कळवा.